संध्याकाळची पुडी

चिपळूण
१२ जून २०२४

ती. ताईस,

तू फोन घेत नाहीस. मेसेज पाठवला तर पोचल्याची खूण येत नाही, म्हणजे माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, एवढं मला कळतं. म्हणून नागपूरच्या पत्त्यावर हे पत्र टाकतोय.

सावर्ड्याच्या वृद्धाश्रमातून काल आप्पांची बॅग आली. चार महिने त्यांच्या कपाटात पडून होती म्हणे. चार सदरे, दोन लेंगे, कानाचं यंत्र, आणि तू दिवाळीला पाठवलेली लोकरी बंडी. तिची घडीसुद्धा मोडलेली नाही. इथे थंडी ती कितीशी! बंडी ठेवू की पाठवू, तेवढं एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

मी आप्पांना आश्रमात नेऊन टाकलं असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. दोनदा ते गॅस चालू ठेवून बाहेर पडले. एकदा बहादूरशेख नाक्यावर सापडले, हायवेच्या मधोमध, पायात चप्पल नाही. तुझी वहिनी शाळेत, मी दुकानात. सावर्ड्याचा आश्रम दुकानापासून अर्ध्या तासावर. तिथल्या बावीस जणांची औषधं आपल्याच दुकानातून जातात, हे तुला माहीत आहे. चार आठवड्यांच्या पुड्या मी स्वतः भरतो. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, प्रत्येकीवर नाव आणि तारीख, वर सील. आप्पांना तिथे ठेवलं तेव्हा वाटलं, निदान औषध तरी माझ्या हातचं जाईल.

पाच फेब्रुवारीला नाकातून रक्त आलं म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासणी करून रक्त पातळ करायची गोळी त्याच दिवसापासून बंद केली. महिन्याच्या पुड्या एक तारखेलाच आश्रमात गेल्या होत्या. मी लगेच फोन करून कुठली गोळी काढायची ते स्पष्ट सांगितलं. आप्पांना सांभाळणाऱ्या चिमाने भलतीच काढली. हृदयाचे ठोके ताब्यात ठेवणारी गोळी तिने फेकली आणि बंद केलेली तशीच ठेवली. नऊ दिवस ती पोटात जात राहिली आणि दहाव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला. यात मी काय करायला हवं होतं, तूच सांग.

तेराव्याला चिमा आपल्या अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा तू तिला बोललीस ते फार झालं असं शेजारी म्हणतात. मी तसं म्हणत नाही. आश्रमाने तिला त्याच आठवड्यात काढून टाकलं. ज्याची चूक त्याला शिक्षा झाली. आता आपण भावंडांनी किती दिवस असं राहायचं?

तुझा,
यज्ञेश

&nbsp;

चिपळूण
२७ जुलै २०२४

ती. ताईस,

बंडीबद्दल तू काही कळवलं नाहीस. ठेवून दिली आहे.

परवा दोन दिवस वाशिष्ठी नदी चढत होती. दोन हजार एकवीसच्या पुरानंतर इथे पाणी जरा वाढलं की सगळा बाजार माल वर उचलतो. मीही दुकानातल्या खालच्या फळ्या रिकाम्या करत होतो. मागच्या कोपऱ्यात आप्पांच्या गोळ्यांचा एक खोका निघाला, अर्धा वापरलेला. तो हातात धरून मी बराच वेळ तिथेच खाली बसलो. शेवटी पाणी काही आलं नाही. पण खोका परत फळीवर ठेवायचं धैर्य झालं नाही, म्हणून तुला लिहितोय.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली होती. आप्पांची ठोक्यांची गोळी नेहमी पांढरी असायची. जानेवारीत त्या कंपनीचा माल येईना, म्हणून मी दुसऱ्या कंपनीची घेतली. औषध तेच, ताकद तीच, फक्त रंग गुलाबी. रक्त पातळ करायची गोळीही गुलाबीच. दोन्ही लहान, दोन्ही गोल. कागदावर त्यात काही चूक नाही. पण आश्रमाला रंग बदलल्याचं कळवायला हवं होतं, ते मी कळवलं नाही.

आणि फोनचं. मी लिहिलं होतं की स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी आश्रमातल्या नर्स, ज्ञानेश्वरी सिस्टर, रजेवर होत्या. फोन चिमाने उचलला. मी म्हटलं, आप्पांच्या संध्याकाळच्या सगळ्या पुड्यांमधून लहान गुलाबी गोळी काढून टाक, डॉक्टरांनी बंद केलीय. ती म्हणाली, "थांबा हां दादा, पुडी घेऊन येते." पुडी घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यात दोन हायत गुलाबी."

मी म्हटलं, "लहान असेल ती."

"दोनी सारक्याच दिसतात वो."

"अगं, नीट बघ, एक जरा लहान असेल. गिऱ्हाईक उभं आहे, ठेवतो."

आणि ठेवला. समोर खरंच गिऱ्हाईक होतं, खोकल्याचं औषध हवं होतं त्याला.

आप्पांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, भरलेल्या पुडीतली गोळी बंद झाली की पुडी फोडून गोळी उचलायची नाही. सगळ्या पुड्या परत आणायच्या, मूळच्या पाकिटाशी ताडून बघायचं, दुसऱ्या माणसाला दाखवायचं, आणि नव्याने भरून नवी चिठ्ठी लावायची. जुन्या पुड्या आश्रमात एकही ठेवायची नाही. स्कूटरवरून जाऊन यायला मला तासभर लागला असता. दुसऱ्या दिवशी गेलो असतो आणि आप्पांची एक संध्याकाळ औषधाविना गेली असती, तरी चाललं असतं. हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

तरीही, ताई, चिमाने सिस्टरची वाट बघायला हवी होती. ती आया आहे, नर्स नव्हे. खात्री नव्हती तर हात लावायला नको होता. कात्री घेऊन चोवीस पुड्या कापल्यान, एकेक गोळी काढलीन, वरून चिकटपट्टी लावलीन. इतकी मेहनत करण्याऐवजी एक फोन परत केला असता तर?

आता सगळं सांगितलं. माझ्याकडे लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

यज्ञेश

&nbsp;

चिपळूण
२० ऑक्टोबर २०२४

ताई,

गेल्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

गणपतीनंतर ज्ञानेश्वरी सिस्टर दुकानात आल्या. आश्रमाच्या औषधांची यादी द्यायला आल्या होत्या, पण यादी दिल्यावरही उभ्याच राहिल्या. मला म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. चिमाला सासरच्यांनी माहेरी घालवलंय. माणूस मारलान म्हणतात वाडीत. नवरा मुंबईला, तो आईबापाच्या शब्दाबाहेर नाही. बुरोंडीला असते हल्ली." मी "अरेरे" म्हणालो. त्या गेल्या. पुढे पंधरा दिवस मी पुड्या भरायला बसलो की एकच पुडी तीनतीनदा मोजायचो.

काल बुरोंडीला गेलो. माहेरचं घर वरच्या वाडीत आहे, पण ती बंदरावर होती. बायकांच्या घोळक्यात कोळंबी सोलत बसली होती. मला बघून उठली, ओले हात पदराला पुसले आणि पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "दादा, आप्पांच्या सामानातलं काय कमी हाय काय? मी कायएक घेतलं नाय वो."

मी तिला बाजूला चलण्याची विनंती केली. बंदरावर बाजू ती कुठली! एका उलट्या घातलेल्या होडीपाशी उभे राहिलो. मी म्हटलं, "चिमा, तू मला बरोबर विचारलं होतंस. दोन गुलाबी आहेत म्हणून सांगितलं होतंस. मी ऐकून घेतलं नाही. चूक माझी होती."

ती म्हणाली, "हे मना ठाव हाय. पण मंग तुमी तवा का नाय बोललात?"

आता हे तुला सांगायलाच हवं. आप्पांना दवाखान्यात नेल्यावर तीन दिवसांनी, सतरा तारखेला, आश्रमाच्या ऑफिसातून मला फोन आला होता. ज्ञानेश्वरी सिस्टर आणि व्यवस्थापक होते. त्यांनी विचारलं, "चिमा म्हणते, दोन गुलाबी गोळ्या आहेत असं तिने तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. खरं का?" आप्पा आदल्याच दिवशी गेले होते. घर माणसांनी भरलं होतं. तू स्वयंपाकघरात होतीस. मी उत्तर दिलं, "मला आठवत नाही."

तो फोन स्पीकरवर होता, हे मला काल कळलं. चिमा तेव्हा ऑफिसात समोरच उभी होती. ती म्हणाली, "तुमी नाय म्हणला असतात तर मी भांडले असते. तुमी म्हणलात, आठवत नाय. त्याच्यावर काय बोलायचं मानसानं?"

मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हे. मग सांगत गेली, माझ्याकडे न बघता. तिची मुलगी पहिलीत आहे. गेल्या महिन्यात मुलीला ताप चढला. औषधाची बाटली घरात होती, पण चिमाचा हात बाटलीला लागेना. शेजारणीला हाक मारून आणलं, तिने औषध पाजलं. "दर टायमाला तिला बोलावते. रात्री अपरात्री ती तरी किती येईल? माज्या हातून परत कायतरी झालं तर? मना वाटतं, मीच मारलं म्हाताऱ्याला. तुमी आज सांगताय मी नाय. आट म्हैने झाले, दादा."

मी म्हटलं, "आश्रमात बोलतो, तुला परत घेतील."

"मना नको नोकरी. तुमी लिहून द्या. आनि सासरी जाऊन वाचून दाखवा. माज्या सासऱ्याला वाचता येत नाय."

मी हो म्हणालो. ती परत जाऊन बसली आणि हात चालवायला लागली. मी वर रस्त्याला लागेपर्यंत बाकीच्या बायका बघत होत्या.

आता उरलेलं. हे मी चिमाशीही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती, कारण ती तेव्हा खोलीत होती.

अकरा फेब्रुवारीला, रविवारी, मी आप्पांना भेटायला गेलो होतो. संध्याकाळचे सहा वाजले. चिमाने पुडी कापली आणि गोळ्या आप्पांच्या तळहातावर ठेवल्या. तीन होत्या. आप्पांनी काय केलं असेल? काउंटरवर करायचे तसं केलं. एका बोटाने गोळ्या वेगळ्या केल्या आणि गुलाबी गोळी कडेला सारली. गेल्या वर्षभरात त्यांना माझं नाव चारदा आठवलं असेल, पण त्या दिवशी म्हणाले, "यज्ञा, ही बंद झालीय ना?"

मी फोनवर मेसेज बघत होतो. मान वर केली. गुलाबी, लहान. मला वाटलं, बंद केलेली तर काढलीय, म्हणजे ही ठोक्यांची. मी म्हटलं, "ती वेगळी, आप्पा. घ्या."

"ही तीच आहे."

चिमा म्हणाली, "तीन दिस झाले, असंच करतात. ही नको म्हणतात."

ताई, गोळी उलटी केली असती तर पाठीवरचा आकडा दिसला असता. पंचवीस वर्षं मी तो आकडा वाचतोय. चष्मा खिशातून काढायचा कंटाळा केला. मला निघायचं होतं. मी जरा मोठ्याने म्हणालो, "दुकान आता मी चालवतो, आप्पा. मला कळतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू बघितलीस ना? मग झालं." आणि तोंड उघडलं. मी माझ्या हाताने ती गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला तोंडाला लावला. गिळली का ते बघितलं. गिळली होती.

तीन दिवसांनी ते बाथरूमपाशी कोसळले.

तुला हे वाचून जे वाटेल ते वाटू दे. मी उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होतो, पण बघणार आहे.

यज्ञेश

&nbsp;

चिपळूण
२ डिसेंबर २०२४

ताई,

लिहून दिलं. चार प्रती केल्या. एक आश्रमाला, एक औषध निरीक्षकांना, एक चिमाला, एक माझ्याकडे. त्यात रंग बदलल्याचं लिहिलं, फोनचं लिहिलं, "आठवत नाही" हे खोटं होतं असंही लिहिलं. रविवारचंही लिहिलं.

चिमाच्या सासरी पंधरा दिवसांपूर्वी गेलो. सावर्ड्याहून आत, पक्का रस्ता संपतो तिथून वीस मिनिटं चालत. अंगणात तिचा सासरा भात वाळवत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने खुर्ची टाकली. सासू दारात येऊन उभी राहिली. शेजारचे दोघे तिघे कुंपणापाशी आले, कारण पँट-शर्टातला अनोळखी माणूस कागद काढतोय म्हणजे जमिनीचं काहीतरी असणार असं त्यांना वाटलं. मी उभा राहून वाचलं. दोन पानं होती. रविवारच्या भागाशी आलो आणि तीच ओळ दोनदा वाचली. सासरा म्हणाला, "सावकाश होऊ दे." पुढे वाचलं.

वाचून झाल्यावर त्याने वाळत घातलेल्या भातातून पाय फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या पोरीनं इचारलंवतंन."

"हो."

"आनि तुमी शिकलेली मानसं."

मी कागदाची घडी घातली. सासूने आतून चहा आणला. मी तो प्यायलो. निघताना म्हातारा कागद मागायला लागला. म्हणाला, लेकाला मुंबईला पाठवतो. मी माझ्याकडची प्रत दिली. चिमाला आणायला ते बुरोंडीला जाऊन आले, असं ज्ञानेश्वरी सिस्टरांकडून कळलं. ती अजून आलेली नाही. म्हणाली, बघू, पोरीची शाळा होऊ दे.

आश्रमाने औषधं आपल्या दुकानातून घेणं बंद केलं. बरोबर केलं. निरीक्षक येऊन गेले. परवाना काही दिवसांसाठी स्थगित होईल असं दिसतं. तोवर मीच शटर ओढून ठेवलं आहे. लोक विचारतात, काय झालं? पहिले दोन दिवस मी सांगत होतो की तब्येत बरी नाही. तिसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारलं आणि मी त्याला खरं सांगितलं. तो आप्पांचा मित्र. ऐकून घेतलं त्याने आणि मशीन चालवायला लागला. आता बोलत नाही.

तुझी वहिनी बोलते, पण मोजकं. तिला हे सगळं पत्र टाकल्यानंतर कळलं, तुझ्याही नंतर. तो राग तिला जास्त आहे.

उत्तर दे, ताई. शिव्या दिल्यास तरी चालेल.

यज्ञेश

&nbsp;

नागपूर
९ जानेवारी २०२५

यज्ञेश,

तुझी चारही पत्रं पोचली. प्रत्येक पत्र आलं त्या दिवशीच वाचलं. तिसरं आलं तेव्हापासून मी नीट झोपलेले नाही. त्यात काही नवीन होतं म्हणून नव्हे. तू रविवारचं जे लिहिलंस ते मला बारा फेब्रुवारीलाच माहीत होतं.

त्या सोमवारी चिमाने मला फोन केला होता. आप्पांच्या फाइलवर आपले दोघांचे नंबर होते आणि तुझा लागत नव्हता. शाळेत तपासणीला अधिकारी आलेले, मी वर्गाबाहेर येऊन बोलले. ती म्हणाली, "ताई, आप्पा संध्याकाळची एक गोळी घेत नायत. बंद हाय म्हणतात. काल दादांनी सोताच्या हातानं दिली तवा घेतलनी. आज काय करू? ठेवू काय ती बाजूला?"

ती काय विचारत होती ते बघ. ती गोळी बाजूला ठेवायची परवानगी मागत होती. आपल्यापैकी कोणीतरी एकाने हो म्हणायचं होतं, बस.

मी म्हटलं, "यज्ञेशने दिली ना? मग दे. त्यांचं ऐकत बसू नकोस, त्यांना आता काही कळत नाही."

सोमवारी दिली तिने. मंगळवारीही दिली.

तेराव्याला ती अंगणात दिसली तेव्हा मला एकच भीती वाटली, ही आता सगळ्यांसमोर फोनचं बोलणार. म्हणून मी आधी बोलले. जे बोलले ते तू ऐकलंस. "माझ्या बापाला मारलंस आणि वर जेवायला आलीस?" ती जेवायला आली नव्हती, यज्ञेश. पिशवीत आप्पांचा चष्मा होता, तो द्यायला आली होती. तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी तुला आश्रमावरून बोलले आणि निघून आले. तुझा फोन बंद केला तो तुझ्यावरच्या रागाने नाही. तू कधीतरी विचारशील, तुला चिमाने फोन केला होता का, आणि मी काय सांगू? "आठवत नाही" म्हणायला मलाही आलं असतं.

नाताळात रजा काढून मी बुरोंडीला जाऊन आले. चिपळूणला उतरून गाडी बदलली, घरी आले नाही. तेवढं बळ नव्हतं.

चिमा घरीच होती. मला बघून आत गेली. मला वाटलं, दार लावणार. ती प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आली, ओट्यावर ठेवलं. मुलगी दाराआडून बघत होती. मी बसले नाही. मी तिला सांगितलं, "तू फोन केला होतास, मी दे म्हटलं, आणि तरी तुला अंगणातून हाकललं." हे सगळं मी नागपूरहून पाठ करून आले होते. तिथे चार वाक्यांत संपलं.

ती म्हणाली, "मना ठाव हाय, ताई. फोन मीच केलावता ना."

मी विचारलं, "मग कुणाला सांगितलं का नाहीस? यज्ञेश आला तेव्हा तरी सांगायचंस."

"सांगून? दादा शिकलेले, तुमी मोठ्या शाळेतल्या बाई. माजं कोण ऐकणार व्हतं?" मग म्हणाली, "आनि दादा बंदरावर येऊन रडले. बहिणीचं कशाला अजून सांगायचं त्यांना?"

मी तिचे हात धरायला गेले. तिने हात मागे घेतले, उद्धटपणाने नव्हे, पण घेतले. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आप्पा एकटे बरोबर सांगत व्हते. तुमी नाय, दादा नाय, मी नाय, त्यांना एकट्यांना ठाव व्हतं. सोमवारी घेईनात, तवा मी त्यांचा हात धरला. म्हणलं, आप्पा, तुमच्या लेकीनं सांगितलंय. मंग उघडलनी तोंड. मना त्यांचं ऐकायला पायजे व्हतं. तेवढं माजं. ते मी बघते. बाकीचं तुमा दोघांचं, ते तुमी बघा."

मुलगी शाळेत जायची होती. चिमा तिची वेणी घालायला आत गेली. मी ओट्यावरून उतरले आणि रस्त्याला लागले.

पद्मजा